पयले तुमी

बब्बूभाईचा हात मी पहिल्यांदा पाहिला तो एका ट्रक ड्रायव्हरच्या गालावर पडताना. माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता. वणीच्या बस स्टँडवरून संस्थेची जीप मला घेऊन झरी जामणीकडे निघाली होती. पुढच्या कोळशाच्या ट्रकने आमच्या डोळ्यांदेखत एका बाईची शेळी चिरडली आणि वेग वाढवला. आमच्या जीपचा ड्रायव्हर बब्बूभाई मागे लागला, ट्रकच्या पुढे जाऊन जीप आडवी घातली, त्या माणसाला दंडाला धरून खाली ओढलं आणि हाणायला सुरुवात केली. एकामागून एक, उघड्या पंजाने, कपडे धुवावेत तसं. मग त्याला माझ्या शेजारी आणून बसवलं, जीप मागे फिरवली आणि मेलेली शेळी त्याच्याच खांद्यावरून त्या बाईच्या दारापर्यंत न्यायला लावली. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या नव्या ओढणीवर गळलं.

"उशीर झाला ताई," जीप पुन्हा चालू करत तो म्हणाला. "माफ करजा. हे काही रोजचं नाई."

हे साफ खोटं होतं. रोजचं नसलं तरी आठवड्याचं होतं.

मी बोरी अरबची. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी भांडणं होतात, पण ती तोंडाची. आई-बहिणीचा उद्धार होतो आणि मग दोघं मिळून चहा पितात. हा माणूस शिवी देत नसे, ओरडत नसे, सरळ हात चालवायचा. मी त्याला तोंडावर 'बब्बूभाई, तुम्ही' म्हणायचे आणि मनात 'अरे मेल्या' म्हणायचे. त्या मनातल्या 'अरे'वरच पुढे माझा जीव जडला, म्हणून इथेही मी त्याला 'तो'च म्हणणार आहे.

वय पन्नाशीच्या पुढे, ठेंगणा, मान बैलासारखी जाड. दाढी मेंदीने लाल केलेली. आणि हात असे की जीपचं स्टिअरिंग त्याच्या हातात ताटलीएवढं दिसायचं. आधी कोळशाच्या ट्रकवर होता. तिथे मालकाला थापड मारून सुटला आणि आमच्या संस्थेत लागला. त्याचा बाप सायकलवर मीठ, बांगड्या, सुया-दोरे घेऊन जंगलातल्या कोलाम लोकांच्या वस्त्यांवर, म्हणजे पोडांवर, फेरी करायचा. हा पुढच्या दांड्यावर बसून जायचा. त्यामुळे कोलामी त्याला आईच्या भाषेसारखी येत होती. संस्थेत कोलामी येणारा तो एकटाच. म्हणून ड्रायव्हर म्हणून घेतलेला माणूस दुभाष्या होऊन बसला.

आमची संस्था डेन्मार्कमधल्या लोकांच्या देणग्यांवर चालायची. तिकडच्या एकेका कुटुंबाने इकडचं एकेक मूल पत्करलेलं. त्यांच्या पैशातून मुलांची शाळा, औषधं, पोडावरची विहीर. बदल्यात वर्षाला दोन पत्रं, एक फोटो आणि मुलाच्या पंजाचा कागदावर काढलेला आकार. मूल वाढतंय हे त्या आकारावरून तिकडे कळायचं म्हणे. पत्रं मी लिहायची आणि पाहुणे आले की त्यांचं इंग्रजी मराठीत करायची. माझं मराठी बब्बूभाई कोलामीत करायचा. उत्तर त्याच वाटेने परत.

पण त्या वाटेवर बब्बूभाईने एक नाकं बसवलं होतं. पाहुण्याने काहीही विचारलं की तो पुढे सांगायचाच नाही. पाहुण्याकडे वळायचा, आणि त्याला जे दोन शब्द साऱ्या जगाशी बोलायला पुरत, ते बोलायचा.

"पयले तुमी."

म्हणजे, तुम्ही विचारलंत ना, घरात किती माणसं, तर तुमच्या घरात किती ते आधी तुम्ही सांगा. पोरं किती गेली? तुमची किती गेली? रात्री काय खाल्लं? तुम्ही काय खाल्लं? पाहुणा सांगायचा, बब्बूभाई ते कोलामीत फिरवायचा, लोक मान डोलवायचे, आणि मगच प्रश्न पुढे सरकायचा. मला सुरुवातीला लाज वाटायची. इतक्या लांबून आलेल्या लोकांची अशी उलटतपासणी. एकदा मी चिडून विचारलं, काहून असं करता?

"ताई, चोर अन् पोलीस असं दोघंच विचारतेत," तो म्हणाला. "सोताचं काही न सांगता. हे लोक पाहुणे हायेत न? मंग पाहुण्यावानी बोला म्हणा."

एक प्रसंग सांगते. असाच एक उंच, सोनेरी भुवयांचा गृहस्थ आला होता. बायकांशी बोलायचं होतं त्याला. सात-आठ बायका विहिरीजवळ बसलेल्या. त्याच्या कागदावर प्रश्न होता, नवरा मारतो का. मी मराठीत सांगितला. बब्बूभाई कागदाकडे बघून म्हणाला, "पयले तुमी." मी म्हटलं, अहो, तो पुरुष आहे, त्याला काय विचारता? "तं मंग त्याच्या मायचं सांगू द्या."

मला ते इंग्रजीत सांगताना घाम फुटला. पण सांगितलं. त्या गृहस्थाने कागद उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, माझे वडील आईला मारायचे. लोखंडी चिमट्याने. मी पलंगाखाली लपायचो. एकदा तिचा दात माझ्यासमोर जमिनीवर येऊन पडला, आणि मी तो उचलून खिशात ठेवला. बब्बूभाईने हे सगळं, दातासकट, कोलामीत सांगितलं. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने पदर सरकवून खांद्यावरचा जुना डाग दाखवला. मग दुसरीने पाय. दोन तास त्या बोलल्या. एकीने सांगितलं, तिच्या पोटावर लाथ बसली तेव्हा सातवा महिना होता. हे सांगताना तिचे हात विळ्याच्या मुठीवर असे आवळले होते की मला तिच्या नवऱ्याची भीती वाटली. त्याआधी पाच वर्षं त्याच बायका आमच्या फॉर्मवरच्या याच प्रश्नाला 'नाही' सांगत आल्या होत्या.

परतताना जीपमध्ये मी त्यालाच विचारलं. माझी जीभ जरा लांबच आहे. म्हटलं, "बब्बूभाई, तुम्ही शहनाजभाभीला कधी मारलं का?"

"पयले तुमी," त्याने रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं.

मग मी सांगितलं. जे मी माझ्या आईलाही नीट सांगितलं नव्हतं. की मी सासर सोडून का आले, की माझी डावी करंगळी वाकडी का आहे. दारात कशी चेंगरली, आणि दार कोणी लावलं. तो ऐकत होता. नाल्यापाशी त्याने जीप थांबवली.

"मारलं," तो म्हणाला. "एकडाव. उघड्याच हातानं. तिचा डावा कान गेला."

तो नेहमी सांगायचा, मी मूठ मारत नाही. मुठीत राग साठते, उघड्या हातातून निघून जाते. मोठं तत्त्वज्ञान असल्यासारखं सांगायचा. त्या दिवशी नाल्यापाशी स्वतःचा पंजा बघत म्हणाला, "निघून जाते म्हणतो मी. पण जाते कुठी? तिच्या कानात गेला न." नंतर मी पाहिलं, शहनाजभाभी बरोबर असली की तो कायम तिच्या उजव्या बाजूने चालायचा. बाजारातल्या गर्दीतसुद्धा फिरून त्या बाजूला यायचा. मला त्याचा रागही आला आणि त्याच्याबद्दल मायाही वाटली. आजही दोन्ही आहे.

आता शाईचा दिवस.

पंजाचे आकार आम्ही दरवर्षी पेन्सिलीने काढायचो. आवळपोड नावाच्या पोडावर त्याची एक रीत बब्बूभाईने घालून दिली होती. पोडाचा म्होरक्या असतो, त्याला नाईक म्हणतात. पहिला हात माझा. तो कागदावर ठेवायचा आणि पोडाच्या नाईकाने त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची. तो कागद नाईकाकडे राहायचा. मग मुलांचे हात. मला हा पोरखेळ वाटायचा, पण बब्बूभाई अडून बसायचा. कारण त्याला ठाऊक होतं ते मला ऐकूनच ठाऊक होतं. नाईकाच्या बापाने बाजारात कोणाच्या तरी कागदावर अंगठा उठवला होता. कागदात काय आहे ते कोणी वाचून दाखवलं नाही. नाल्याकाठचं काळंभोर वावर गेलं. आजही पोडावरून ते दिसतं, दुसऱ्याच्या कपाशीने पांढरं झालेलं. एका अंगठ्यात.

त्या वर्षी मार्टाबाई येणार होत्या. डेन्मार्कच्या देणगीदारांच्या प्रमुख. पांढऱ्या केसांच्या, गुडघे दुखणाऱ्या. पुढची पाच वर्षं मदत चालू ठेवायची की नाही, आणि मुलींसाठी वसतिगृह बांधायचं की नाही, हे त्या ठरवणार होत्या. आवळपोडावर सहावीच्या पुढे शाळा नाही. वसतिगृह झालं तर पोरी शिकणार, नाहीतर कपाशीत जाणार. सगळं त्या एका भेटीवर होतं. आमचे प्रकल्प अधिकारी अनिरुद्ध सर पुण्याचे, माणूस वाईट नव्हता, पण सगळं देखणं हवं असायचं. ते म्हणाले, यंदा पेन्सिल नको, रंगीत पंजे उमटवू, तिकडच्या सभागृहात लावता येतील. आणि बब्बूभाईला पाहुण्यांच्या जवळ येऊ देऊ नका, तो त्यांची परीक्षा घेत बसतो.

रंग आणायचं काम माझं. मी विसरले. सकाळी निघताना लक्षात आलं तेव्हा ऑफिसच्या टेबलावरचं जांभळं स्टँप पॅड आणि शाईची बाटली पिशवीत टाकली. बब्बूभाईला ती बाटली दिसली.

"शाई कायले?"

"रंग राहिले."

"मंग आज राहू द्या ताई. पेन्सिल हाये न. शाई नका नेऊ तठी."

माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही गाडी चालवा."

हे तीन शब्द मी परत गिळू शकले असते तर माझी दुसरी करंगळीही दारात दिली असती.

त्याने गाडी चालवली. पोडावर आम्हाला सोडलं आणि अनिरुद्ध सरांनी त्याला पाहुण्यांचं जेवण आणायला मुकुटबनला पिटाळलं. कापूस वेचणीचे दिवस. बाप्ये, बाया सगळे वावरात. शाळेच्या ओट्यावर फक्त पोरं. आम्ही भरभर उरकत होतो. मी पोरांचे हात पॅडवर दाबत होते, मार्टाबाई कागद वाळत घालत होत्या आणि हसत होत्या, पोरंही हसत होती. ना माझा हात आधी, ना नाईकाची पेन्सिल. नाईकाची म्हातारी बायको पाणी घेऊन आली, तिने ओट्यावर पसरलेले जांभळे पंजे पाहिले आणि हातातला पाण्याचा गुंड टाकून वावराकडे पळाली. मला वाटलं, तिचा पाय घसरला. बघा किती अक्कल होती मला.

त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा कुठलासा व्हिडिओ फिरत होता. आणि इथे गोरी बाई, पोरांची नावं लिहिलेले कागद, आणि प्रत्येक कागदावर अख्खा पंजा. एका अंगठ्यात वावर गेलं होतं. पाच बोटांत काय जाईल, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते आले ते आरडाओरडा न करता आले. तीस-चाळीस माणसं, पुढे नाईक, हातात काठ्या, कुऱ्हाडी, तुरीचे बुंधे. अनिरुद्ध सर शाळेच्या मागच्या खिडकीतून पळाले. मार्टाबाईंना वाटलं लोक भेटायला आले. त्या उठल्या, आम्ही शिकवला तसा नमस्कार केला, आणि पहिली काठी त्यांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या पडल्या तरी हात जोडलेलेच होते. माझे केस कोणीतरी धरले आणि मला ओट्यावरून खाली ओढलं. तोंडावर लाथ बसली. माती, रक्त आणि माझाच दात माझ्या जिभेवर आला. मी ओरडत होते, मराठीत, आणि समोरच्या चेहऱ्यांवर माझा एकही शब्द पोचत नव्हता. एका बाईने माझी पिशवी फाडली. कोणीतरी म्हणत होतं, जाळा. तेवढं मराठीत म्हणाला.

जीप कुंपण तोडून आत आली. बब्बूभाई उतरला तो थापडा मारतच. दोघं-तिघं बाजूला पडले. त्याने मार्टाबाईंवर स्वतःला आडवं टाकलं आणि उजवा पंजा त्यांच्या डोक्यावर पसरला. भीमा टेकाम पुढे आला. त्याची पोरगी सहावीत होती, हुशार. तिची पत्रं मी लिहायचे. त्याने कुऱ्हाड उलटी धरली आणि मारली. बब्बूभाईचा पंजा वाळल्या तुरीच्या काडीसारखा मोडला. दुसरा घाव. तिसरा. त्याने हात काढला नाही. काढला असता तर खाली म्हातारीचं डोकं होतं.

आणि त्या तसल्या कल्लोळात तो डाव्या हाताने काहीतरी चाचपडत होता. मला वाटलं, दगड शोधतोय. त्याला पॅड सापडलं. त्याने मार्टाबाईंचा हात धरून त्यात दाबला, एका कोऱ्या कागदावर उमटवला. मग माझं मनगट पकडून माझा. मग स्वतःचा, तो मोडलेला, बोटं भलतीकडेच वळलेली, शाईपेक्षा रक्तच जास्त. आणि तो कागद नाईकाच्या तोंडापुढे धरून कोलामीत बोलला. काय बोलला ते त्याने मला नंतर सांगितलं.

"हा घे तिचा पंजा. हा आमचा. आता आमी तुये झालो. तुयं एक पोट्टं गेलं तं या कागदावर आमाले मागून घे. पयले द्यायचा होता, उशीर झाला. माफी दे."

 नाईकाने कागद घेतला. खाली बसला, मार्टाबाईंचा हात उचलून कागदावरच्या पंजाशी बोट न् बोट ताडून पाहिलं. मग माझा. मग बब्बूभाईच्या हाताकडे पाहिलं आणि तो ताडला नाही. उठून त्याने नुसता हात वर केला. काठ्या थांबल्या. भीमाची कुऱ्हाड थांबली नाही, त्याने जीपची काच फोडली आणि मग तिथेच उकिडवा बसून रडायला लागला. पोरांचे बावीस कागद नाईकाने मागून घेतले आणि शाळेच्या खिचडीच्या चुलीत घातले. आमचा कागद त्याने घडी घालून कनवटीला लावला.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती चारचौघांत मिरवत सांगितली असती. पण ठाण्यात ठाणेदाराने मला विचारलं, कोणी मारलं, आणि मी भीतीने, सुजलेल्या तोंडाने, एक नाव सांगितलं. भीमा टेकाम. त्याला उचलून आणला. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आत पट्ट्याचा आवाज येत होता. बायकोला मारणाऱ्या पुरुषांबद्दल मी एवढी तावातावाने बोलते, आणि तिथे मी कानावर हात ठेवून बसले.

तिसऱ्या दिवशी बब्बूभाई दवाखान्यातून सरळ ठाण्यात आला. कोपरापर्यंत प्लास्टर. ठाणेदाराने जबाब लिहायला घेतला. विचारलं, भीमानेच मारलं ना?

"पयले तुमी सांगा साहेब," बब्बूभाई म्हणाला. टेबलाच्या काचेखाली ठाणेदाराच्या मुलीचा फोटो होता, त्यावर त्याने डाव्या हाताचं बोट ठेवलं. "तुमी वावरात हाये. घरी येता तं या पोरीचा अख्खा पंजा शाईत. कोणाचा कागद, कायचा, काहीच मालूम नाई. तुमाले कोणी इचारलं नाई. तुमी काय केलं असतं?"

ठाणेदार म्हणाला, फालतू बोलू नको. पण त्याची नजर फोटोकडे गेली.

"भीमानं मले ओढून बाहेर काढलं," बब्बूभाई म्हणाला. "मारणारे बाहेरचे होते. मी नाई ओळखत. ताईच्या डोळ्यात रक्त गेलतं, तिले उलटं दिसलं." आणि माझ्याकडे वळला. मी त्याच्या थापडेची वाट पाहत होते. खरंच पाहत होते. ती बसली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याने नुसतं पाहिलं. मी माझा जबाब बदलून सही केली. भीमा भिंतीला धरत बाहेर आला आणि आमच्या कोणाकडेही न बघता निघून गेला.

मार्टाबाई गळ्यात हात बांधून परत गेल्या. जाताना त्यांनी मला एकच विचारलं, माझा कागद कुठे आहे? म्हटलं, नाईकाकडे. त्या म्हणाल्या, असू दे, तिथेच बरा आहे. पण या प्रकारानंतर ते त्यांच्या एकटीच्या मनावर राहिलं नाही. मदत बंद झाली. वसतिगृह झालं नाही. भीमाची पोरगी शाळेतून निघाली आणि कपाशीत गेली. मी तिची पत्रं लिहायचे त्यात दर वेळी लिहायचे, मला नर्स व्हायचं आहे. ते खरं होतं, ते मी माझ्या मनाने लिहिलं नव्हतं.

आणि बब्बूभाईला काढून टाकलं. अनिरुद्ध सरांनी अहवालात लिहिलं की घटनेच्या वेळी ड्रायव्हर जागेवर नव्हता, आणि आल्यावर त्याने ग्रामस्थांना मारहाण करून जमावाला चिथावलं. जागेवर नव्हता आणि मारहाण केली, एवढं अक्षरशः खरं होतं. तो अहवाल इंग्रजीत मी केला. एक ओळही बदलली नाही. मला नोकरीची गरज होती.

तीन वर्षं मी त्याच्याकडे गेले नाही. यंदा वणीला काम निघालं तेव्हा गेले. चंद्रपूरच्या रस्त्याला, जिथे कोळशाचे ट्रक रांगेने उभे असतात, तिथे टायरचं दुकान टाकलंय. दुकान म्हणजे चार बल्ल्या आणि ताडपत्री. दाढी पांढरी, मेंदी सोडली. उजवा पंजा ताठ, बोटं पसरलेली, मिटत नाहीत. मला पाहून त्याने पायाने स्टूल सरकवलं.

"बसा ताई. दात बसवला वाटते."

थोडं इकडचं तिकडचं बोललो. नाईक वारला, कागद आता भीमाकडे आहे, हे त्याने सांगितलं. मग माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "बब्बूभाई, माझ्यावर राग आहे का?"

तो ट्रकच्या टायरकडे बघत होता. मला माहीत होतं काय येणार.

"पयले तुमी."

मग मी सांगितलं. की मला माझा राग येतो. शाईचा, भीमाच्या नावाचा. ते त्याला माहीत होतं, तो मान हलवत राहिला. मग अहवालाचं सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, ते साहेबाने परस्पर केलं. मी म्हटलं, इंग्रजी माझं होतं. तुमचं नाव मी टाईप केलं.

रस्त्यावरून ट्रक जात राहिले. त्याची मान हलायची थांबली.

"नोहता," तो म्हणाला. "शाईचा नोहता. भीमाचा नोहता. भेव कोणाले बी लागते." मग उजवा हात त्याने उचलला, तो ताठ, न मिटणारा, आणि माझ्या गालाच्या रेषेत आणला. मी हलले नाही. डोळेही मिटले नाहीत. तो हात तसाच खाली गेला.

"आता हाये," तो म्हणाला. "आज जा तुमी. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. हिंमत झाली नाही. महिना झाला. जायचं आहे, आणि जाणार आहे. थापड खायची असेल तर खाईन.

त्या दिवशी रस्ता ओलांडून मागे पाहिलं. जाड टायर रिंगमधून सुटत नव्हतं. बब्बूभाई खाली बसला होता आणि लोखंडी पहार त्या न मिटणाऱ्या पंजाने दाबून धरली होती, नुसत्या तळव्याने. समोर शहनाजभाभी पदर खोचून उभी होती, दोन्ही हातांत घन. हाताला पकड नाही म्हणून घन आता ती मारते. त्याने तिच्या उजव्या बाजूला मान नेऊन काहीतरी सांगितलं. तिने घन डोक्यावर नेला आणि पूर्ण ताकदीने, त्याच्या बोटांपासून चार बोटांवर, खाली आणला. त्याने हात काढला नाही. तिने परत उचलला.